कशाला भ्यावे, कशाला भिऊ नये : मोजणीच्या नव्या काठीविषयी



जमिनीची मोजणी हा आपल्या खेड्यांतला मोठ्या जिव्हाळ्याचा, आणि खरे सांगायचे तर मोठ्या भांडणाचा विषय. पूर्वी मोजणीदार गावात आला म्हणजे त्याच्याबरोबर साखळी येई. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी. तिच्या लांबीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब आपल्या आजोबांना तोंडपाठ असे. साखळीच्या जोडीला शंकू असे, पुढे तिपाईवरचे प्लेन टेबल आले. आता भूकरमापक येतात ते हातात एक उंच काठी घेऊन. काठीच्या डोक्यावर पांढरी वाटोळी टोपी असते, मधोमध मोबाइलसारखे एक यंत्र अडकवलेले असते. या काठीला रोव्हर म्हणतात. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊ लागली, आणि शेताच्या बांधावरही ही काठी दिसू लागली.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मुलांना घेऊन मोजणीच्या सरावासाठी आम्ही बांधाबांधाने हिंडतो. काठी उभी केली की चार माणसे जमतात आणि प्रश्न ठरलेला असतो. एक आजोबा मला म्हणाले, "सर, ही छत्री वरून किरण ओढून घेते म्हणतात. आमच्या अंगाला, गाईगुरांना काही होणार नाही ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण गंमत अशी, की हा प्रश्न विचारताना आजोबांची पाठ ज्या दिशेला होती, तिकडे पंधरा पावलांवर विजेच्या अकरा केव्हीच्या तारा लोंबत होत्या. त्यांच्याविषयी कोणीच काही विचारले नाही.

माझे आजचे सांगणे एवढेच आहे. या यंत्रात भिण्यासारखे काही आहे, आणि न भिण्यासारखेही पुष्कळ आहे. आपण बहुधा उलटे करतो. ज्याला भिऊ नये त्याला भितो आणि ज्याला भ्यावे त्याच्याजवळ निर्धास्त उभे राहतो. म्हणून काठीचा एकेक भाग घेऊन ती काय करते ते पाहू.

प्रथम त्या पांढऱ्या टोपीकडे वळू. ही टोपी म्हणजे एक कान आहे. आपला घरचा रेडिओ जसा काही बोलत नाही, प्रक्षेपण केंद्रावरून येणारे फक्त ऐकतो, तशीच ही टोपी उपग्रहांचे ऐकते. अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू अशा निरनिराळ्या देशांच्या उपग्रहमालिका आकाशात आहेत. आपल्या भारतानेही नाविक नावाची स्वतःची मालिका उभारली आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे उपग्रह डोक्यावर असला, तर त्याचा संदेश आपल्यापर्यंत सेकंदाच्या साधारण पंधराव्या हिश्श्यात पोहोचतो. किती वेळ लागला यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपण पृथ्वीवर कोठे उभे आहोत ते ठरते. तिघांवर भागत नाही, कारण यंत्रातले घड्याळ उपग्रहातल्या घड्याळाइतके पक्के नसते. ती चूक काढायला चौथा साक्षीदार लागतो.

आता या लहरींचा जोर किती? उपग्रहावरून निघताना त्यांची शक्ती साधारण घरातल्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी, काही दशक वॅट असते. वीस हजार किलोमीटर पसरत पसरत येईपर्यंत ती इतकी विरळ होते, की एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग करावेत आणि त्यांतला एखादा भाग टोपीच्या वाट्याला यावा. काठी असली काय किंवा नसली काय, या लहरी तुमच्या आमच्या अंगणात रात्रंदिवस पडतच असतात. काठी त्या ओढून घेत नाही, ती फक्त त्या ऐकते. तेव्हा आकाशातून येणाऱ्या या लहरींना भिण्याचे काहीही कारण नाही. आजोबांना मी हेच सांगितले.

पण गोष्ट इथे संपत नाही. एकट्या टोपीने मोजले तर चूक दोन-चार मीटरांची होते. रस्ता शोधायला ते पुरे आहे, बांध ठरवायला मुळीच पुरे नाही. म्हणून दुसरे एक यंत्र लागते, त्याला बेस म्हणतात. ज्याची जागा आधीच पक्की माहीत आहे अशा बिंदूवर बेस तिपाईवर उभा करतात. आपली खरी जागा आणि उपग्रहांवरून दिसणारी जागा यांत किती फरक पडतो, ते बेस क्षणोक्षणी पाहतो आणि फरक काठीला कळवतो. काठी तो वजा करते आणि एक-दोन सेंटिमीटरांपर्यंत अचूक होते. आता ध्यानात घ्या, कळवायचे म्हणजे बोलायचे, आणि बोलायचे म्हणजे लहरी बाहेर टाकायच्या. टोपी नुसती ऐकते हे खरे, पण तिच्याच पोटात किंवा तिच्या शेजारी बोलणारा रेडिओ असू शकतो.

हे बोलणे तीन प्रकारचे असते. काठीची टोपी हातातल्या पडद्याच्या यंत्राशी बोलते ते ब्लूटूथने. त्याचा जोर अगदी किरकोळ असतो. दुसरा प्रकार मोबाइलच्या सिमचा. भारतीय सर्वेक्षण विभागाने अलीकडे कायमची बेस ठाणी उभारली आहेत, त्यांचा निरोप मोबाइलच्या जाळ्यावरून काठीला मिळतो. हा जोर आपल्या खिशातल्या फोनइतकाच. तिसरा प्रकार मात्र वेगळा आहे. जिथे मोबाइलला रेंज नाही, सह्याद्रीच्या खोऱ्यांत किंवा मेळघाटासारख्या रानात, तिथे बेसला स्वतःचा रेडिओ लावतात. टोपीच्या आतला असेल तर त्याची शक्ती एक-दोन वॅट असते. पण बाहेरून जोडायचा मोठा रेडिओ पंचवीस-तीस वॅटपर्यंत जातो, आणि त्याची अँटेना वेगळ्या खांबावर उभी असते.

या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत. त्या शरीरातले अणुरेणू फोडत नाहीत. फार जवळून, फार जोराने पडल्या तर अंगाला ऊब देतात, आणि ती ऊब मर्यादेबाहेर गेली तर बाधते. मग उपाय काय? अंतर, आणि तो फुकटचा आहे. लहरींचा नियम कंदिलाच्या उजेडासारखाच आहे. अंतर दुप्पट केले की जोर चौथाई होतो, तिप्पट केले की नववा हिस्सा उरतो. एक-दोन वॅटच्या रेडिओसाठी बनवणारे साधारणपणे निदान वीस सेंटिमीटर, म्हणजे एक वीत अंतर सांगतात. मोठ्या रेडिओच्या खांबापासून दोन-तीन मीटर दूर राहावे, आणि यंत्राच्या पुस्तिकेत याहून अधिक सांगितले असेल तर ते पाळावे. बेसजवळ राखणीला बसलेला मुलगा सावलीसाठी नेमका अँटेनेच्या बुडाशी बसतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्याला झाडाखाली बसवा. ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारे पेसमेकर यंत्र बसवलेले आहे, त्यांनी तर बोलणाऱ्या अँटेनेजवळ जाऊच नये, आणि किती दूर राहायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हा मोठा रेडिओ हाताळताना आणखी तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, अँटेना घट्ट बसवल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही. बाहेर पडायला वाट मिळाली नाही की लहरींची शक्ती उलट फिरते आणि रेडिओचाच बोलणारा भाग जळतो. दुसरी, रेडिओची अँटेना बेसच्या टोपीपासून काही मीटर लांब ठेवायची. उपग्रहाचा आवाज म्हणजे कुजबुज. वरातीच्या बँडला खेटून उभे राहिले तर कोणाची कुजबुज ऐकू येईल? तिसरी, जितक्या जोराने भागते तितकाच जोर लावायचा. पाचशे मीटरांवर काठी आहे, तिला दोन वॅट पुरत असतील, तर तीस वॅट कशाला? बॅटरीही वाचते. शिवाय अशा रेडिओसाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परवानगी लागते. कोणीही कोणत्याही लहरीवर बोलू लागला, तर रुग्णवाहिकेचे आणि पोलिसांचे बोलणे बुडेल.

आता ज्याला खरोखर भ्यावे त्याकडे येतो.

पहिले भय सुरुंगाचे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आटते, तळाशी खडक लागतो, मग तो फोडायला सुरुंग लावतात. खाणींवर तर हे बारमाही चालते. सुरुंगाची केप, म्हणजे डिटोनेटर, विजेवर उडणारी असेल तर तिला लांब तारा असतात. तार कशीही पसरलेली असो, ती अँटेनाच. जवळ जोरदार रेडिओ बोलू लागला तर त्या तारेत वीज उपजू शकते, आणि केपेला उडायला फार थोडी वीज लागते. केप कोणत्या जातीची आहे हे परवानाधारक सुरुंगवाल्यालाच ठाऊक असते. म्हणून नियम सोपा ठेवा. शेजारच्या शिवारात सुरुंगाचे काम चालू आहे असे कळले, तर आधी रेडिओ बंद, मग सुरुंगवाल्याची भेट, आणि तो सांगेल तेवढे अंतर. मोजणी एक दिवस पुढे गेली तर काही बिघडत नाही. पेट्रोल भरताना गाडीत रेडिओ चालू असेल तर तोही बंद करावा.

दुसरे भय विजेच्या तारांचे, आणि मी हे सर्वांत मोठे मानतो. रोव्हरची काठी साधारण दोन मीटरांची. काही काठ्या आणि अँटेनेचे खांब याहून पुष्कळ उंच होतात. ही काठी पुष्कळदा कार्बन फायबरची असते. हातात घेतली तर हलकी, दिसायला प्लास्टिकसारखी. त्यामुळे माणसाला वाटते, ही लाकडासारखी, हिच्यातून वीज येणार नाही. हा समज जिवावर बेतणारा आहे. कार्बन फायबरमधून वीज वाहते. उच्च दाबाच्या तारेला तर काठी टेकावीच लागते असेही नाही, पुरेशी जवळ गेली की वीज उडी मारते. शेतातल्या तारा किती खाली लोंबतात ते तुम्हाला मी सांगायला नको. खांब उभा करण्यापूर्वी मान वर करून पाहा. खांब कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही, एवढी जागा सोडा. नेमका बांधाचा दगडच तारेखाली असेल तर काठी तिथे न्यायची नाही. बाजूच्या दोन बिंदूंवरून टेपाने अंतर घेऊन तो कोपरा काढता येतो. आपले जुने साखळीवाले हेच तर करीत.

तिसरे भय आकाशातल्या विजेचे. वळवाचे दिवस, माळरान, आणि त्यात एकटा उभा माणूस हातात उंच काठी धरून! गडगडाट ऐकू आला की काम थांबवा, काठी जमिनीवर आडवी ठेवा आणि पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जाऊन बसा. झाडाखाली नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मोबाइलवर दामिनी नावाची सोय केली आहे. जवळपास वीज पडत असेल तर ती इशारा देते. शिक्षकांनी ती आपल्या फोनवर जरूर घ्यावी.

चौथे भय बॅटरीचे. यात थोडे थांबू या, कारण बॅटरी केवळ काठीतच नाही, ती घराघरांत आली आहे.

इथे दोन जातींच्या बॅटऱ्या भेटतात. काठीच्या पोटातली असते ती लिथियम-आयन. ही बॅटरी बाजारात प्रथम १९९१ साली आली, आणि ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूर्ती लहान, शक्ती मोठी, असा तिचा गुण आहे. एवढ्याशा जागेत एवढी शक्ती कोंडलेली असते, म्हणूनच तिला नीट वागवावे लागते. तिच्या एका घटाचा दाब भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो. याहून अधिक भरायचा प्रयत्न झाला तर आतली रसायने बिघडतात, घट तापतो, आणि तापलेला घट स्वतःच स्वतःला आणखी तापवू लागतो. म्हणून त्या बॅटरीसाठी दिलेलाच चार्जर वापरायचा. पिन बसते म्हणून दुसरा चार्जर लावणे म्हणजे किल्ली फिरते म्हणून परक्याच्या घरात शिरण्यासारखे आहे.

चार्जिंगला लावताना ऊनपाणी पाहावे. शून्य ते पंचेचाळीस अंश सेल्सियस, आणि काही यंत्रांत चाळीसच, एवढ्याच उष्णतेत ही बॅटरी भरायची असते. आपल्याकडे चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेरचाच पारा पंचेचाळिसावर जातो, मग उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आत काय होत असेल? म्हणून मोटारीच्या काचेखाली बॅटरी ठेवू नये, आणि उन्हातून आणलेली गरम बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नये. सावलीत अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. चार्जिंग करावे ते शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर. गोधडीवर नको, उशीखाली नको, कडब्याच्या गंजीजवळ किंवा रॉकेलच्या डब्याशेजारी तर नकोच. आणि घरात कोणी जागे असताना करावे. रात्री लावून झोपायची सवय सोडा. गावातली वीज जाते-येते, येताना कधी जादा दाबाने येते. म्हणून वीज गेली की चार्जरचे बटण बंद करावे, आणि आलेला दाब स्थिर झाला की पुन्हा लावावे.

बॅटरी फुगली, चिरली, पाण्यात भिजली किंवा वरून पडली, तर ती पुन्हा भरायची नाही. फुगलेली बॅटरी दाबून यंत्रात बसवू नये, सुई टोचून हवा काढू नये. ती मोकळ्या जागी, वाळूवर, मुलाबाळांपासून दूर ठेवावी. धूर येऊ लागला तर तो हुंगू नका, विषारी असतो. माणसांना दूर काढा. छोटी बॅटरी पेटली तर दुरून भरपूर पाणी ओतून ती थंड करता येते. पण भिंतीच्या विजेला जोडलेली असेल तर आधी मुख्य बटण बंद. सुट्या बॅटऱ्या पिशवीत किल्ल्या आणि नाण्यांबरोबर टाकू नका. दोन टोकांवर धातू आडवा पडला की क्षणात ठिणगी पडते.

दुसरी जात शिशाच्या बॅटरीची. ही जुनी आहे, फ्रान्सच्या प्लांते यांनी ती १८५९ साली केली. ट्रॅक्टरात असते तीच, बारा व्होल्टची. बेसचा मोठा रेडिओ हिच्यावर चालतो. हिच्यात पातळ केलेले गंधकाम्ल असते, आणि चार्ज होताना हिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत या वायूचे प्रमाण शेकडा चार झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून ही बॅटरी हवेशीर जागी भरावी, जवळ बिडी ओढू नये. आधी चिमटे लावावेत आणि मग बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. लाल तार अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी. पाणी घालायची बॅटरी असेल तर शुद्ध केलेलेच, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घालावे, विहिरीचे नाही. अम्ल डोळ्यांत उडाले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरकडे जावे.

हंगाम संपला आणि यंत्र ठेवून द्यायचे झाले, तर लिथियमची बॅटरी काढून, निम्मी भरलेली, थंड कोरड्या जागी ठेवावी. शिशाची मात्र पुरी भरून ठेवावी आणि अधूनमधून पुन्हा भरावी, नाहीतर ती मरते. मेलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नये. २०२२ साली केंद्र सरकारने टाकाऊ बॅटऱ्यांचे नियम केले आहेत, त्यांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे परत द्यावी.

आता तुम्ही म्हणाल, "हे सगळे मोजणीवाल्यांनी पाहावे. आम्हाला शेतकऱ्यांना याचे काय?" त्याचे उत्तर बांधावर आहे. बेसची बॅटरी मध्येच संपली की निरोप थांबतो. काठी थोडा वेळ तग धरते, मग तिची अचूकता घसरते. पडद्यावर आधी फिक्स असे दिसत असते, ते जाऊन फ्लोट असे दिसू लागते. फिक्स म्हणजे एक-दोन सेंटिमीटर. फ्लोट म्हणजे वीस-तीस सेंटिमीटर, कधी त्याहून अधिक. समजा, घाईत कोणी फ्लोटवरच बिंदू घेतले आणि शंभर मीटरांचा बांध तीस सेंटिमीटर सरकला. तर तीस चौरस मीटर जमीन इकडची तिकडे झाली. एक गुंठा म्हणजे सुमारे एकशे एक चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गुंठा! एवढ्यावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाही, हे आपण पाहतो. त्याचे मूळ कधी कधी एका न भरलेल्या बॅटरीत असू शकते. तेव्हा तुमच्या बांधाची मोजणी चालली असेल तेव्हा नम्रपणे विचारायला हरकत नाही, "साहेब, पडद्यावर फिक्स आहे ना?" चांगला भूकरमापक रागावणार नाही, तो पडदा तुमच्याकडे वळवून दाखवील.

शिक्षक बंधुभगिनींना दोन गोष्टी सुचवतो. पहिला प्रयोग अंतराचा. पुठ्ठ्याला एक इंच बाजूचे चौकोनी भोक पाडा आणि पुठ्ठा मेणबत्तीपासून एक फुटावर धरा. मेणबत्तीपासून दोन फुटांवर कागद ठेवा आणि त्यावर पडलेला उजेडाचा चौकोन मोजा. बाजू दोन इंच, क्षेत्र चार चौरस इंच. तोच उजेड चौपट जागेवर पसरला, म्हणून तो चौथाई झाला. मोठ्या रेडिओपासून दूर का बसायचे, ते मुलांना आपोआप कळेल. दुसरे गणित बॅटरीचे. बॅटरीवर ७.४ व्होल्ट आणि ३ अँपिअर-तास असे लिहिलेले असेल, तर गुणाकार सुमारे २२ वॅट-तास. यंत्राला ४ वॅट लागत असतील तर ते साडेपाच तास चालेल. प्रत्यक्षात थोडे कमीच चालते. मग सकाळी आठला निघून संध्याकाळी सहापर्यंत काम करायचे तर किती बॅटऱ्या न्याव्यात? हे उदाहरण फळ्यावर घाला. गणिताच्या पुस्तकातल्या नळ आणि टाक्यांपेक्षा मुलांना ते जवळचे वाटेल.

थोडक्यात सांगायचे तर आकाशातून येणाऱ्या लहरींना भिऊ नका, त्या कुजबुजीपेक्षाही क्षीण आहेत. बोलणाऱ्या मोठ्या रेडिओपासून चार पावले दूर राहा. सुरुंगाच्या आसपास तो बंद ठेवा. काठी उभी करण्यापूर्वी मान वर करून तारा पाहा, आणि गडगडाट झाला की काठी खाली ठेवा. बॅटरी तिच्याच चार्जरने, सावलीत, फरशीवर आणि डोळ्यांसमोर भरा. आणि बांधाचा दगड रोवण्यापूर्वी पडद्यावरचा शब्द एकदा वाचून घ्या.